घोडं शुल्काच्या खिडकीपाशी पेंड खातं : विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
फायनान्सचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांचे प्रवेश विभाग, शुल्क विभाग आणि विभागप्रमुख

विषय : युद्धग्रस्त प्रदेशांतून फायनान्स शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनींच्या फाइली कुठे आणि का अडतात

स.न.वि.वि.

अफगाणिस्तान, सुदान, येमेन, सीरिया, म्यानमार, गाझा. या प्रदेशांतल्या मुली फायनान्समध्ये मास्टर्स करायला तुमच्याकडे अर्ज करतात. काही जणींना तुम्ही प्रवेश देता, अभिनंदनाचं पत्र पाठवता, आणि सत्र सुरू झालं की हजेरीपटावर ते नाव नसतं. नोंदवहीत 'रुजू झाली नाही' एवढे तीन शब्द पडतात. ती का आली नाही याचं उत्तर पुष्कळदा तुमच्याच शुल्क विभागाच्या इनबॉक्समध्ये पडून असतं.

प्रवेश, शुल्कभरणा, शिष्यवृत्त्या आणि बँक खाती ही कामं रोज हाताळणारे आम्ही काही जण मिळून हे लिहीत आहोत. कुठल्या रकान्यावर, कुठल्या अटीवर फाइल अडते ते सांगायचं आहे. तुमचे नियम एक गोष्ट गृहीत धरतात: अर्जदाराच्या मागे एक चालू बँक आणि एक चालू सरकार उभं आहे. ही दोन्ही नसली की इतरांना दहा मिनिटांत उरकणारी अट या मुलीला सहा महिने घुमवते. व्हिसाचे कायदे तुमच्या हातात नाहीत, मान्य. पण अडथळ्यांपैकी निम्मेअधिक तुमच्या आवारातले आहेत.

आधी पैशाचं बघू.

अशा देशातल्या बँकेचं तुमच्या बँकेशी थेट खातं नसतं. मध्ये रक्कम पुढे पोचवणाऱ्या एक-दोन करस्पॉन्डंट बँका असतात, आणि व्यवहार डॉलरचा असेल तर त्यांतली एक बहुधा अमेरिकेतली. समजा, एका मुलीने जागा राखण्यासाठी ५,००० डॉलर पाठवले. पाठवणाऱ्या बँकेने खर्चाच्या रकान्यात 'एसएचए' लिहिलं, म्हणजे खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. वाटेतल्या पहिल्या बँकेने २५ कापले, दुसरीने २०. तुमच्या खात्यात ४,९५५ पडले. तुमच्या सॉफ्टवेअरला ५,००० हवे होते, म्हणून त्याने 'अपूर्ण भरणा' असा शेरा मारला आणि व्हिसासाठी लागणारं पत्र निघालंच नाही. मग तिला ईमेल: उरलेले ४५ डॉलर भरा. ते ४५ पाठवताना वाटेत पुन्हा कात्री लागते, पुन्हा कमी पडतात. 'ओयूआर' लिहून सगळा खर्च पाठवणाऱ्याने उचलला तरी मधली बँक कधीकधी कापतेच. यावर इलाज साधा आहे. १०० डॉलरपर्यंतची तूट असेल तर पत्र अडवायचं नाही, ती रक्कम पुढच्या हप्त्यात धरायची. हा बदल शुल्क अधिकाऱ्याच्या एका सहीने होतो.

पैसे निघाले पण तीन आठवडे पोचलेच नाहीत, असंही होतं. त्यावर 'पावती पाठव' एवढं म्हणून भागत नाही. पावती फक्त पैसे निघाल्याचं सांगते. तिच्याकडून यूईटीआर मागा. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला ३६ अक्षर-अंकांचा हा क्रमांक असतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही. तुमच्या बँकेने तो टाकून पाहिला की रक्कम कुठल्या बँकेत, कशासाठी थांबली आहे ते कळतं. कित्येकदा ती तपासणीसाठी थांबलेली असते आणि मधल्या बँकेला एका ओळीचा खुलासा हवा असतो: ही फी कुणाची, कुठल्या अभ्यासक्रमाची, पैसे भरणाऱ्याचं विद्यार्थिनीशी नातं काय. ही ओळ तुमच्याकडून गेली तर तिला वजन असतं. मुलीने स्वतः पाठवायची म्हटली तर कुणाला पाठवणार? मधली बँक तिला ग्राहक मानत नाही.

नात्याचा मुद्दा निघालाच आहे. या मुलींची फी अनेकदा मामा, काका किंवा तिसऱ्या देशात नोकरी करणारा भाऊ भरतो. तुमचा नियम म्हणतो, पैसे स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यातूनच यावेत. वडिलांची बँक बंद आहे किंवा तिचा बाहेरच्या जगाशी व्यवहार तुटला आहे. मग तुम्ही पैसे परत पाठवता, आणि तेही 'जिथून आले तिथेच'. ज्या शाखेला आता बाहेरून रक्कम घेताच येत नाही, तिथे. ते पैसे मधल्या मधे लोंबकळत राहतात आणि व्हिसाची मुदत निघून जाते. त्रयस्थाने फी भरण्याचा एक पानी फॉर्म पैसे येण्याआधीच घ्या: नाव, नातं, पासपोर्टची प्रत, उत्पन्नाचा पुरावा. आणि व्हिसा नाकारला गेला तर परतावा कुठल्या खात्यात करायचा, हे त्याच कागदावर आधी लिहून घ्या.

हवाल्याचं नाव काढलं की शुल्क विभाग दचकतो. दोन शहरांतले दोन दलाल, एक सांकेतिक आकडा, इथे रोख जमा आणि तिथे रोख अदा. हिशेब नंतर मालाच्या किंवा उलट दिशेच्या व्यवहारातून चुकता. बँका बंद असताना कुटुंबाचा पैसा देशाबाहेर याच वाटेने जातो. अफगाणिस्तानात अशा व्यवसायांना मध्यवर्ती बँकेचा परवाना देण्याची पद्धत आहे. पाश्चात्त्य देशांत नोंदणीशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे. तुमच्या देशात कायदेशीर काय, ते तुमच्या वकिलांना विचारा. पण तिसऱ्या देशातल्या नातेवाइकाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली म्हणून फाइल बंद करण्याआधी पैसा कुठून कसा आला त्याची साखळी मागा: जमिनीचं खरेदीखत, दलालाची पावती, नातेवाइकाच्या पगाराच्या पावत्या. तीन कागदांत गोष्ट स्पष्ट होते किंवा होत नाही. विचारल्याशिवाय नकार देणं हा तुमचा आळस झाला.

आता 'निर्बंध' या शब्दाबद्दल. काळ्या पैशावर आणि दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर नजर ठेवणाऱ्या फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या काळ्या यादीत उत्तर कोरिया आणि इराण आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये म्यानमारची भर पडली. येमेन आणि दक्षिण सुदान करड्या यादीत आहेत. पण याच संस्थेचं मूळ सूत्र जोखीम पाहून तपासणी करा असं आहे, सरसकट दार बंद करा असं नाही. म्यानमारबाबतच्या निवेदनात तर कुटुंबांच्या पैशांची आवकजावक विस्कळीत होऊ नये, असं तिने वेगळं बजावलं आहे. अफगाणिस्तानसाठी अमेरिकेच्या अर्थखात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये जनरल लायसन्स २० काढून व्यवहारांना बरीच मोकळीक दिली. सुदानवरचे अमेरिकेचे सर्वंकष आर्थिक निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्येच उठले, सीरियावरचा कार्यक्रम ३० जून २०२५ ला संपला. निर्बंध व्यक्तींवर आणि संस्थांवर असतात, त्या देशात जन्मलेल्या प्रत्येकीवर नसतात. तरी बँका आणि पेमेंट पोर्टलं धोका नको म्हणून अख्खा देशच वगळतात. या धंद्यात त्याला डी-रिस्किंग म्हणतात, आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तुमच्या पोर्टलवर देश निवडायची यादी एकदा स्वतः उघडून बघा. २०१७ पूर्वी गाळलेला देश आजही तिथे गायब असू शकतो, कारण ती यादी अद्ययावत करणं हे कुणाचंच काम नसतं.

नावांनी तर वेगळाच गोंधळ होतो. एकच नाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने, पदवीवर दुसऱ्या, बँकेच्या कागदावर तिसऱ्या. लिपी बदलली की हे होणारच. अनेक अफगाण मुलींच्या कागदांवर एकच नाव असतं, आडनाव नाहीच. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग बँक, विद्यापीठ आणि घरमालक अशा तिघांकडे ती तीन वेगवेगळ्या व्यक्ती होऊन बसते, आणि एका जागी तिचं नाव खरोखरच 'एफएनयू' म्हणून चालू राहतं. जन्मतारखेचंही तसंच. अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्रावर, सौर हिजरी वर्ष असतं आणि बरेचदा फक्त वर्षच असतं. १३८० हे वर्ष मार्च २००१ ला सुरू होऊन मार्च २००२ ला संपतं. एक कारकून २००१ लिहितो, दुसरा २००२. दिवस माहीत नाही म्हणून १ जानेवारी. परिणामी हजारो माणसं एकाच दिवशी जन्मलेली. निर्बंध यादीशी नाव ताडणारं सॉफ्टवेअर नाव आणि जन्मतारीख हेच दोन दुवे पाहतं, आणि इथे दोन्ही दुवे ढिले. नाव जुळलं असा इशारा आला की पासपोर्ट क्रमांक, जन्मस्थळ आणि वडिलांचं नाव घालून तो हाताने तपासा, निकाल फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या हप्त्याला तोच इशारा परत येणार आहे, आणि तेव्हा खिडकीवर बसलेली व्यक्ती वेगळी असणार आहे.

खात्यात पैसे आहेत हे दाखवण्याची अट विद्यापीठाची कमी, व्हिसा कार्यालयाची जास्त. ब्रिटनला २८ दिवस सलग शिल्लक दाखवावी लागते, आणि ते स्टेटमेंट अर्जाच्या वेळी ३१ दिवसांहून जुनं चालत नाही. जर्मनीला सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) ठेवावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. आता ऑगस्ट २०२१ आठवा. काबूल पडल्यावर बँकांमधून आठवड्याला २०० डॉलर किंवा २०,००० अफगाणी एवढेच काढता येत होते. खात्यावर आकडा होता, पैसा नव्हता. लेबनॉनमध्ये २०१९ पासून डॉलरची खाती अशीच गोठली. परदेशी शिकणाऱ्यांना १०,००० डॉलरपर्यंत अधिकृत दराने पाठवता यावेत म्हणून संसदेने २०२० मध्ये कायदा केला, आणि अनेक बँकांनी तो पाळलाच नाही. स्टेटमेंटवरची शिल्लक आणि हाताशी असलेला पैसा यांत एवढं अंतर असतं, हे फायनान्सच्या विभागाला वेगळं सांगायला नको.

इथे तुम्ही काय करू शकता? शिष्यवृत्तीचं पत्र नीट लिहा. 'विद्यार्थिनीला आर्थिक साहाय्य मंजूर झालं आहे' या वाक्याचा व्हिसा अधिकाऱ्याला काडीचा उपयोग नाही. फी किती, तीपैकी माफ किती, राहण्याजेवणाचे महिन्याला किती, किती महिने, पैसे कोण देणार, सगळे आकडे, चलनासकट, लेटरहेडवर, सही-तारखेनिशी. जर्मनीसाठी असं पत्र बंद खात्याच्या जागी चालू शकतं. अमेरिकेसाठी आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा फॉर्म, काढताना विद्यापीठाने पहिल्या वर्षाचा खर्च भागतो एवढं पाहायचं असतं, संपूर्ण अभ्यासक्रमाचा नव्हे. तिथे दोन वर्षांचा पुरावा मागणारी कार्यालयं स्वतःच्या मनचे नियम चालवत असतात. आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेविस फी दुसऱ्या कुणीही, दुसऱ्या देशातून भरली तरी चालते. अर्जदाराला हे माहीत नसतं. तुम्हाला माहीत असून तुम्ही सांगत नाही.

कागदांचं सांगायचं तर एप्रिल २०२३ पासून सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, विद्यापीठांच्या इमारतीच लुटल्या-जाळल्या गेल्या आहेत. गाझातल्या विद्यापीठांची अवस्था वेगळी सांगायला नको. अफगाणिस्तानात २० डिसेंबर २०२२ ला मुलींना विद्यापीठबंदी झाली; तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीकडे पाच सत्रांचे गुण आहेत, पदवी नाही. अशा वेळी 'मूळ विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट' ही अट म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात मागणं. परदेशी पदव्यांना मान्यता देण्याबाबतच्या १९९७ च्या लिस्बन करारातलं सातवं कलम नेमकं यासाठी आहे: निर्वासित किंवा तशा परिस्थितीतल्या व्यक्तीची पात्रता पूर्ण कागद नसतानाही तपासण्याची व्यवस्था करा. युरोप परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केला आहे. त्यात उपलब्ध कागद पाहतात, त्या विषयाचे जाणकार अर्जदाराची मुलाखत घेतात, आणि मिळणारा दस्तऐवज पाच वर्षं चालतो. हे तुम्हाला विभागातही जमेल. पाऊण तासाची मुलाखत घ्या, दोन प्राध्यापक पुरे. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये कुठलं पुस्तक होतं, परीक्षा किती मार्कांची, रोखप्रवाह पत्रक मांडून दाखव. खोटं बोलणारी व्यक्ती तिसऱ्या प्रश्नाला अडखळते. सोबत फोनमधले गुणपत्रिकांचे फोटो, विद्यार्थी ओळखपत्र, फीच्या पावत्या जोडून घ्या. एक मात्र सांभाळा: पडताळणीसाठी तिच्या देशातल्या मंत्रालयाला तिचं नाव घालून ईमेल तिला विचारल्याशिवाय पाठवू नका. ती बाहेर शिकायला निघाली आहे, हे त्या कार्यालयाला कळणं तिच्या घरच्यांना महागात पडू शकतं.

जीमॅट या प्रवेशपरीक्षेची अट शक्य तिथे सोडा. २ तास १५ मिनिटं, ६४ प्रश्न, आणि परीक्षा घरून द्यायची तर वीज आणि इंटरनेट सलग हवं. केंद्रावर द्यायची तर केंद्र दुसऱ्या देशात. इंग्रजीसाठी डुओलिंगोची परीक्षा तासाभराची आणि घरून होणारी आहे, पण तिचे पैसे कार्डाने भरावे लागतात आणि तिचं कार्ड परदेशी साइटवर चालत नाही. विद्यापीठाने परीक्षेची फी थेट भरली तर प्रश्न मिटतो. जीमॅटच्या जागी गणिताची स्वतःची दोन तासांची लेखी परीक्षा घ्या. ती हवी तर दोन तुकड्यांत, मध्ये वीज गेली तर पुन्हा सुरू करता येईल अशी.

मुलगी असल्याने वाढणारा खर्च निराळा. तालिबानने डिसेंबर २०२१ मध्ये फर्मान काढलं की ७२ किलोमीटरपलीकडे जाणाऱ्या बाईसोबत घरातला पुरुष हवा. अमेरिकेसारख्या देशाची व्हिसा देणारी वकिलात काबूलमध्ये चालू नाही, म्हणजे मुलाखतीसाठी शेजारच्या देशात जायचं, त्यासाठी आधी त्या देशाचा व्हिसा, आणि तो दोघांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईला शिकायला निघालेल्या, हातात शिष्यवृत्ती असलेल्या मुलींना काबूलच्या विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं. शिष्यवृत्तीच्या अंदाजपत्रकात 'विमानभाडं : १' असं लिहिलेलं असतं. तिथे सोबत्याचं भाडं, शेजारच्या देशातला महिना-दीड महिन्याचा मुक्काम आणि दोघांचा व्हिसाखर्च धरलाच पाहिजे. अंदाजपत्रकात ही ओळ नसली की कागदावरची पूर्ण शिष्यवृत्ती प्रत्यक्षात अर्धवट ठरते.

शिवाय वेळ. जून २०२५ मध्ये अमेरिकेने १२ देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. अफगाणिस्तान, म्यानमार, सुदान, येमेन, सोमालिया त्यात आहेत आणि विद्यार्थी व्हिसाही त्यात येतो. ऑफर हातात असूनही ती वापरता न येणं यात तिची काही चूक नाही. प्रवेश दोन वर्षांपर्यंत पुढे ढकलू द्या, नवा अर्ज आणि नवी अर्ज-फी न घेता, शिष्यवृत्तीसकट. बहुतेक विद्यापीठं प्रवेश पुढे ढकलतात पण शिष्यवृत्ती ढकलत नाहीत. तिच्यापुरता त्याचा अर्थ नकार असाच होतो. पहिलं सत्र ऑनलाइन देणार असाल तर आधी खात्री करा की तुमचं व्हिडिओ व्यासपीठ, आकडेवारीचं सॉफ्टवेअर आणि ग्रंथालय तिच्या देशातून उघडतं. परवान्यांच्या अटींमुळे ते बरेचदा उघडत नाही, आणि हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लक्षात येतं.

ती पोचली की पहिल्या महिन्याला पैशाची चणचण. घराची अनामत पहिल्या दिवशी, विद्यावेतन पहिल्या महिन्याच्या अखेरीस, आणि तेही स्थानिक खात्यातच. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्याला अनामत हवी. वरातीमागून घोडं. युरोपीय संघात २०१४ च्या पेमेंट खात्यांच्या निर्देशानुसार कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने हो की नाही ते कळवायला हवं. काउंटरवरच्या माणसाने राष्ट्रीयत्व पाहून तोंडी नकार दिला तर तो लेखी आणि कारणासह मागावा, हे मुलीला आधी सांगून ठेवा. लेखी म्हटलं की पुष्कळ नकार विरघळतात. पहिले सहा आठवडे प्रीपेड कार्डावर आगाऊ रक्कम द्या. आणि हेही गृहीत धरा की यातल्या बऱ्याच जणी विद्यावेतनातून घरी पैसे पाठवणार आहेत. ते त्यांच्या हिशेबातलं पहिलं कलम असतं, किराणा दुसरं.

आता वर्गाबद्दल, विभागप्रमुखांना उद्देशून.

दोन-तीन वर्षं शिक्षण तुटलं असेल तर गणित गंजतं. आंशिक विकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता, रिग्रेशन. सत्राआधी चार ते सहा आठवड्यांची उजळणी पुरते. साहित्य पीडीएफमध्ये द्या, व्हिडिओमध्ये नको. डेटा महाग आणि वीज बेभरवशाची. एक्सेल तिला येत असतं, बाजाराची आकडेवारी दाखवणारं ब्लूमबर्ग टर्मिनल तिने पाहिलेलं नसतं. शिक्षक ते सगळ्यांना येतं असं धरून पुढे जातात आणि ती विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला सक्तीने दोन तास टर्मिनलवर बसवा, म्हणजे कुणाला वेगळं पडल्यासारखं वाटणार नाही.

पण तिच्याकडे जे आहे तेही बघा. युद्धग्रस्त देशात फायनान्स शिकलेल्या मुलीला नोकरी मिळते ती बहुधा मदतसंस्थेत. रोज संध्याकाळी तिजोरीतली रोकड मोजून दोघांच्या सह्या, तीन कोटेशनं, देणगीदाराला महिन्याला बजेट विरुद्ध प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता, डॉलरमध्ये आलेलं अनुदान तीन वेगवेगळ्या दरांनी स्थानिक चलनात नोंदवणं. प्रवेश समिती याला 'स्वयंसेवी काम' समजून अनुभवाच्या रकान्यात शून्य घालते. ते शून्य खोडा. एखाद्या मोठ्या बँकेत दोन महिने फोटोकॉपी काढणाऱ्या उमेदवाराच्या अनुभवाला तुम्ही गुण देता.

आणि अभ्यासक्रम. सप्टेंबर २०१६ मध्ये येमेनच्या मध्यवर्ती बँकेचं मुख्यालय एडनला हललं, सनातली बँक चालूच राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये सना ताब्यात असलेल्या हुती बंडखोरांनी आपल्या भागात नव्या नोटांवर बंदी घातली. एकच रियाल, दोन दर, आणि देशातल्या देशात पैसे पाठवायला मोठं शुल्क. सुदानमध्ये लष्कराच्या ताब्यातल्या भागात २०२४ च्या अखेरीस नव्या नोटा आल्या, दुसऱ्या बाजूने त्या नाकारल्या. लोक बँकेच्या मोबाइल ॲपवर जगतात आणि ॲपमधल्या पैशाची रोकड करायला दलालाला कमिशन देतात. गाझात हेच कमिशन २०२५ मध्ये ४० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमधले सुमारे ७०० कोटी डॉलर गोठले, त्यातले ३५० कोटी सप्टेंबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या निधीत गेले. रोखतेला लागणारं व्याज, विनिमय दराची फूट, गंगाजळी नेमकी कुणाची: फायनान्सचे मूलभूत प्रश्न यापेक्षा उघडे कुठे दिसतील? पाठ्यपुस्तक ते 'उदयोन्मुख बाजारपेठा' या प्रकरणात उरकतं. भांडवली खर्च काढायला शिकवताना जोखीमरहित दर म्हणून अमेरिकी रोख्याचा आकडा फळ्यावर येतो. ज्या देशात सरकारी रोख्यांचा बाजारच नाही तिथल्या सिमेंट कारखान्याचं मूल्यांकन कसं कराल, हा प्रश्न सगळ्या वर्गाला द्या. तिच्याकडे बघून देऊ नका. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. 'तुझ्या देशाबद्दल सांग' असं म्हणून पाहुण्यासारखं उभं करणं बंद करा.

इंटर्नशिपच्या वेळी पुन्हा कागद. बँका आणि गुंतवणूक कंपन्या पार्श्वभूमी तपासतात: पाच-सहा वर्षांचे पत्ते, आधीच्या मालकाचं पत्र, पोलिसांचा दाखला. जिच्या मालकाचं कार्यालयच उरलं नाही, जिच्या पोलिसांपासून ती पळाली आहे, तिने ते आणायचं कुठून? करिअर विभागाने पर्यायी पुराव्याचा संच पहिल्या सत्रातच तयार ठेवावा: शपथपत्र, पगाराच्या बँक नोंदी, जुन्या सहकाऱ्यांची पत्रं, कामाच्या ईमेलच्या प्रती. तो कंपनीकडे आधी पाठवावा, तपासणी अडल्यावर नाही. पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. गुंतवणूक विश्लेषकांच्या सीएफए परीक्षेला वैध पासपोर्ट लागतो, आणि जुलै २०२४ मध्ये तालिबानने परदेशातल्या अनेक अफगाण वकिलातींचे कागद मानणार नाही असं जाहीर केल्यापासून नूतनीकरण कुठून करायचं हाच प्रश्न आहे. दीड वर्षाहून कमी मुदत उरली असेल तर पहिल्याच महिन्यात हालचाल सुरू करायला हवी.

माहितीपुस्तिकेवर तिचा हसरा फोटो आणि खाली 'युद्धातून वर्गापर्यंत' ही ओळ छापू नका. सही केलेलं संमतीपत्र तुमच्याकडे असेल. शिष्यवृत्ती देणाऱ्यासमोर नाही म्हणणं तिला किती मोकळेपणी जमतं, त्याचा विचार करा. तिची आई, बहिणी अजून तिथेच आहेत.

या फेरीची ऑफर लेटर्स निघण्याआधी एवढं तरी करा. पत्राच्या तळाशी शुल्क विभागातल्या एका माणसाचं नाव आणि थेट ईमेल छापा. 'नो-रिप्लाय' पत्ता नको. त्या माणसाला १०० डॉलरपर्यंतची तूट सोडण्याचा, त्रयस्थाची फी स्वीकारण्याचा आणि मधल्या बँकेला खुलासा पाठवण्याचा अधिकार लेखी द्या. आणि तो रजेवर असेल तेव्हा हे काम कोण पाहणार, तेही लिहा. ऑगस्टमध्ये सगळे रजेवर असतात आणि व्हिसाची पत्रं नेमकी ऑगस्टमध्येच अडतात.

कळावे.

आपले,
परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश, शुल्क आणि शिष्यवृत्तीचं काम पाहणारे काही जण